नावाचा रकाना

सोमवारी सव्वादहाला फॉर्म पुन्हा परत गेला. कारण तेच: 'मुलाचे नाव रिकामे.'

नोएमीने सर्व्हरवरची नोंद उघडली. चाळीस वर्षांपूर्वीच्या यादवी युद्धात सैनिकांनी नेलेल्या, हरवलेल्या मुलांचा शोध घेणारी सान साल्वादोरमधली ती छोटीशी संस्था, आणि तिथलं संगणकाचं काम नोएमी एकटीच बघायची. घरच्यांनी वेबसाइटवर फॉर्म भरायचा. तिने लिहिलेली स्क्रिप्ट तो तपासायची आणि काही राहिलं असेल तर लाल अक्षरांत सांगून परत पाठवायची. परत गेलेल्या फॉर्मचं कारण आणि वेळा तेवढ्या मागे उरायच्या, बाकी सगळं पुसलं जायचं. लोकांची खाजगी माहिती उगाच पडून राहायला नको, म्हणून तिनेच तसं ठेवलं होतं.

हा सातवा सोमवार. दर सोमवारी दहाच्या सुमारास कुणीतरी तीन-चारदा प्रयत्न करायचं आणि निघून जायचं.

"कुणीतरी टवाळ आहे," नोएमी म्हणाली. "स्वतःच्या मुलाचं नाव लिहीत नाही म्हणजे काय? बंदच करून टाकते."

त्रान्सितोमावशी पलीकडे फायलींना दोरी बांधत होती. सत्तरी ओलांडलेली बाई. कपाटातली सतरा नंबरची फाईल तिच्या स्वतःच्या भावाची.

"टवाळ माणूस सात आठवडे टिकतो होय गं? माझा नवरा तर सात दिवसांत कंटाळायचा."

नोएमी हसली, पण बंद काही केलं नाही. तिला आता चैन पडेना. आपोआप फॉर्म भरणारं एखादं यंत्र असेल का? पण यंत्र दिसेल तो रकाना भरून मोकळं होतं. हे रिकामा सोडत होतं. तिने वेळा ताडून पाहिल्या. फॉर्म उघडल्यापासून पहिल्यांदा पाठवेपर्यंत चाळीस-चाळीस मिनिटं. म्हणजे एका बोटाने अक्षरं शोधणारं माणूस. तिसऱ्या सोमवारी एकदा कारण जरा वेगळं पडलं होतं: 'नावात अक्षरे नाहीत.' बहुतेक आडवी रेघ मारून पाहिली असणार.

"मावशी, काहीही खोटं नाव घातलं असतं तरी चाललं असतं. लिही मारिया, लिही होसे. स्क्रिप्टला काय कळतंय?"

"पण नाही घातलं."

"नाही."

मावशीने दोरी खाली ठेवली. "सात आठवडे तू त्या माणसाला सांगतेयस, नाव भर, नाव भर. का भरत नाहीस, असं एकदा तरी विचारलंस?"

नोएमीने स्क्रिप्ट उघडली. नाव हवंच, हा नियम तिने पहिल्याच दिवशी लिहिला होता. नावाशिवाय शोधणार कसं? त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. दुपारभर बसून तिने तो बदलला. आता नाव रिकामं असलं तर फॉर्म परत जाणार नव्हता. खाली आणखी एक रकाना उघडणार होता: 'नाव का नाही, ते इथे सांगाल का?'

पुढच्या सोमवारी मावशी घरून पुपुसा, सारण भरलेल्या मक्याच्या भाकऱ्या, घेऊन आली. दोघींनी त्या टेबलावरच खाल्ल्या, नजर पडद्यावर ठेवून. दहा वाजले. सव्वादहा झाले. अकरा वाजून गेले.

"गेलं वाटतं कंटाळून," नोएमी म्हणाली.

"थांब जरा. संगणकासाठी शहरात यावं लागत असेल, बस चुकली असेल."

अकरा वीसला फॉर्म आला. नोएमीने तेलकट बोटं घाईघाईने पुसली आणि मोठ्याने वाचायला लागली.

"शोधणाऱ्याचं नाव, एउलालिया मेन्हीवार. नातं, आई. मूल, मुलगी. खूण, डाव्या कानामागे कॉफीच्या रंगाचा डाग. हरवली तेव्हाचं वय..." ती अडखळली. "वय, सहा दिवस."

मावशी उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. नावाचा रकाना रिकामाच होता. त्याच्या खालच्या, नव्या रकान्यात दोन ओळी होत्या. त्या नोएमीला मोठ्याने वाचवल्या नाहीत. मावशीने त्या वाचल्या, एकेका शब्दावर बोट ठेवत.

"बाप्तिस्मा रविवारी होता, नाव तेव्हा ठेवणार होतो. तिला शुक्रवारी नेलं."