जास्वंदीखालचा मुखवटा

“काका, तिथे नका ना खणू! जास्वंद मरेल माझी!” शाल्मली तिसऱ्यांदा ओरडली.

“अगं, गळती तिथेच आहे. उगाच फुललीय का ती एवढी?” दामूकाकांनी कुदळ मारली. घराची पाइपलाइन त्यांनीच टाकलेली, म्हणून बदलायलाही आईने नाइलाजाने त्यांनाच बोलावलं होतं. गौरीचा चांदीचा मुखवटा चोरला म्हणून त्यांच्या बायकोला तिनेच कामावरून काढलं होतं.

मुखवटा चोरीला गेलाच नव्हता. शाल्मलीच्या हातून पडून त्याचं नाक चेपलं, आणि घाबरून तिनेच तो इथे पुरला होता.

गळक्या पाइपाशेजारून चिखलमाखला मुखवटा वर आला. आता काका बोंब मारणार! तिने डोळे गच्च मिटले.

मग हळूच उघडून पाहिलं, तर काका घाईघाईने मुखवटा पुन्हा चिखलात दाबत होते. “पोरी, कुणाला सांगू नकोस,” ते कुजबुजले. “आम्हीच पुरला म्हणतील.”

शाल्मली घराकडे तोंड करून ओरडली, “आई, बाहेर ये! मुखवटा मी पुरला होता, मी!”