लादीखालचा रहाट

उमेळ्यातल्या सोसायटीत भूकंपाचं मॉक ड्रिल होतं. भोंगा वाजला तशी लतिका जेवणाच्या टेबलाखाली शिरली. मुलगी नेत्राही शेजारी येऊन बसली.

लतिकाने डोकं खाली घातलं. कान लादीला टेकला आणि खालून रहाटाची करकर ऐकू आली.

तिच्या बाबांची विहीर याच तळमजल्याखाली होती. बाबा गेले, वाडी बिल्डरला दिली, विहीर बुजवली. बदल्यात हा फ्लॅट मिळाला. बिल्डिंगला नाव मात्र वाडीचंच ठेवलं.

“रहाट ऐकू येतोय,” लतिका पुटपुटली.

“पंप असेल गं आई.”

पंप कसा असेल? हा तर दर फेऱ्याला एकदा अडखळत होता. बाबांनी कितीही तेल घातलं तरी अडखळायचाच. मागून पाटाचं पाणी केळींकडे धावत होतं.

भोंगा थांबला. “चल, बाहेर मैदानात जमायचंय,” नेत्रा म्हणाली.

“तू हो पुढे.”

ड्रिलवाल्यांनी शिकवलं होतं, अडकलात तर ओरडून दमू नका, तीनदा ठोका. सोडवायला येणाऱ्याला बरोबर कळतं. एकटी उरल्यावर लतिकाने बोटाच्या पेराने लादीवर हळूच तीनदा ठोकलं. मी इथे आहे, एवढंच कळावं म्हणून.

रहाट थांबला.

“थांबा जरा,” खालून बाबांचा आवाज आला. “वर कोणीतरी अडकलंय.”

मग अगदी जवळून, “घाबरू नको, बाय. काढतो तुला.”

तिच्या तळव्याखालची लादी ओली झाली आणि हलकेच उचलली गेली.