सतरा नंबरची सायकल

जुन्या सायकली दुरुस्त करून गरजूंना फुकट देणाऱ्या संस्थेत मी मेकॅनिक आहे. सतरा नंबरच्या सायकलीच्या चाकांना रोज सकाळी ताजा चिखल दिसायचा. मॅनेजरबाईंचा संशय सरळ झाडूवाल्या मावशींवर, कारण सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप त्याच उघडतात. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं. मी चाकाला खडूची खूण करून ठेवली.

सकाळी खूण पुसलेली आणि मावशींचं कोपर सोललेलं.

बाईंनी त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं. "रोज सायकल घेऊन कुठे भटकता? उद्यापासून कामावर येऊ नका."

"कुठे भटकणार, बाई? मागच्या अंगणात शिकते. दहा हातांवर गेले की पडते."

"या वयात ही थेरं कशाला?"

"रोज दीड तास चालत येते. गुडघे गेलेत माझे." मावशींनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "वाच रे, मोठ्यानं."

कागद आमच्याच संस्थेचा होता, खाली सही बाईंची.

'अर्ज नामंजूर. अर्जदाराला सायकल चालवता येत नाही.'