एका मताची चौकशी

“मत वाया जात नाही, प्रताप! किती वेळा सांगू?”

यशपालचा आवाज चढला तशी शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघू लागली. फ्रँकफर्ट स्टेशनसमोरच्या कॅफेत तो आणि प्रताप तासभर बसले होते. दोघं ॲडलेडला एकाच गल्लीत राहिलेले, तिथलं नागरिकत्व घेऊन मग जर्मनीत नोकरीला आलेले. यशपाल वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये, प्रताप इथे गिअरबॉक्सच्या कंपनीत. जुन्या पत्त्यावरचं दोघांचं ऑस्ट्रेलियातलं मत अजून शाबूत होतं, आणि प्रतापचं मत यशपालला हवं होतं.

“तिथे लाल नाहीतर निळा, दोनच पक्ष येतात,” प्रताप म्हणाला. “मधल्याला कोण विचारतं?”

“अरे, तिथे एकच खूण करायची नसते. सगळ्यांपुढे आकडे लिहायचे. एक, दोन, तीन. शेवटचा बाद झाला की त्याच्या कागदांवर ज्याच्यापुढे दोन लिहिलंय त्याला ती मतं जातात. ताईंनी फक्त दुसरं यायचं. मग लाल बाद झाला की त्याची माणसं निळ्यापेक्षा ताईंनाच देणार. साधं गणित आहे!”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” म्हणून प्रतापने केकचा तुकडा तोंडात टाकला.

ताई म्हणजे स्नेहलताताई. ॲडलेडला यशपाल आणि त्याची बायको क्रांती यांचं बिऱ्हाड त्यांच्याच घरात, वरच्या मजल्यावर होतं. सरकारी शाळेत बावीस वर्षं शिकवणारी, भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचं ऐकून घेणारी बाई. मधल्या विचारांच्या एका नव्या पक्षाने उभं राहायला सांगितलं तेव्हा त्या नाहीच म्हणाल्या होत्या, कारण त्यासाठी नोकरीचा राजीनामा द्यावा लागत होता. यशपालने सहा रविवार स्काइपवर त्यांच्याशी वाद घातला. सातव्या रविवारी त्यांनी राजीनामा दिला.

तेव्हापासून वाल्डॉर्फच्या घरात दुसरा विषय नव्हता. क्रांती त्या पक्षाला ‘मधलं दुकान’ म्हणायची.

“निळा रंग आपला, पण तिथला निळा आपला नाही. मग सरळ लालला दे आणि मोकळा हो ना,” ती वैतागून म्हणायची. त्यांची नऊ वर्षांची मुलगी अपेक्षा जेवताना कानांवर हात ठेवायची. “पापा, शोन वीडर?” पुन्हा तेच?

मतदान बर्लिनच्या वकिलातीत होतं. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तिघं पहाटेच निघाले. प्रताप येणार होता, पण आदल्या दिवशी त्याचा फोन आला. घर बदलतोय, सोफा उद्याच हलवायचाय, जमणार नाही. बर्लिन येईपर्यंत यशपाल त्या सोफ्याबद्दल बोलत होता.

वकिलातीत पुठ्ठ्याचे आडोसे उभे केले होते. हिरवा कागद, आठ नावं, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. क्रांती दोन मिनिटांत बाहेर आली. यशपालला बराच वेळ लागला.

“काय करत होतास एवढं?”

“आठ आकडे लिहायचे म्हणजे नीट लिहायला नकोत?” तो खेकसला.

निकाल लागायला पंधरा दिवस गेले. मग फेरमोजणी झाली. निळा पहिला आला, पण निम्म्यापर्यंत पोचला नाही. दुसरा लाल. ताई तिसऱ्या, लालपेक्षा एका मताने मागे. एका. त्यामुळे त्या बाद झाल्या, त्यांची मतं वाटली गेली आणि निळा निवडून आला. त्या दुसऱ्या असत्या तर लालची मतं त्यांना मिळाली असती आणि त्या संसदेत गेल्या असत्या. यशपाल सांगत होता तसंच, अगदी तसंच गणित.

त्याने प्रतापला फोन लावला. “तुझ्या त्या सोफ्यापायी बाईची नोकरी गेली!”

“यशपाल, खरं सांगू? मी आलो असतो तरी लालला दिलं असतं.”

“म्हणजे तोंडावर गेनाऊ, गेनाऊ करत होतास! तुझ्यासारख्यांमुळेच मधला पक्ष कुठे उभा राहत नाही. पुन्हा फोन करू नकोस मला.”

त्याने फोन आपटला आणि स्वयंपाकघराकडे वळला. “आणि तू? तू तरी दिलंस का ताईंना? का लालला देऊन मोकळी झालीस?”

क्रांतीने गॅस बंद केला. “त्यांनी राजीनामा दिला त्याच दिवशी ठरवलं होतं मी. पहिला नंबर त्यांना. मी बोलत होते ते तुला, त्यांना नाही.”

पुढे आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नाही. इकडे यशपालने ॲडलेडच्या सगळ्या जुन्या ओळखींची यादी काढली. रोज संध्याकाळी एकेकाला फोन करून विचारू लागला. कोणी चिडलं, कोणी खोटं बोललं असावं, एकाने नंबरच ब्लॉक केला.

रविवारी स्काइपवर ताई आल्या. मागच्या दोन महिन्यांत वाळल्या होत्या, पण हसल्या.

“यशपाल, कोणाकोणाला फोन करतोयस? काल प्रताप बोलला माझ्याशी. रडकुंडीला आला होता बिचारा. पुरे कर ही चौकशी.”

“ताई, एक मत हो! एक! कोणीतरी दगा दिलाय तुम्हाला.”

“असेल कोणीतरी. नाव कळून काय करणार आहोत? शाळेत माझ्या जागी नवीन माणूस आलाय, चांगला शिकवतो म्हणतात. मी घरी मुलांना शिकवीन. होईल काहीतरी. सगळे हसत होते तेव्हा तू एकटा माझ्यामागे उभा होतास. तुझं पहिलं मत मला होतं ना, तेवढं मला पुरे.”

क्रांतीने आठवडाभरात पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. यशपालने स्क्रीनकडे बघत मान डोलावली.

बर्लिनला त्या पुठ्ठ्याच्या आडोशात त्याने लालपुढे एक लिहिलं होतं आणि ताईंपुढे दोन.