सहलीचा डबा

कुमुदताई भाकरी थापत होत्या आणि त्यांचे यजमान, दिगंबरराव, ओट्याशी मोबाइल नाचवत उभे होते. "डब्लिन, मग गॉलवे, शेवटी समुद्रकाठचे कडे! रोज संध्याकाळी तिथलं गाणंबजावणं. रिटायर झालोय, आता आयर्लंड अगदी निवांत बघायचं!"

निवांत हा शब्द ऐकूनच कुमुदताईंचे दुखरे खांदे जरा सैलावले.

"आणि गंमत सांगू? हॉटेल कुठेच नाही. सगळीकडे स्वयंपाकघरवाली घरं घेतोय. छोटा कुकर, मेतकूट, भाजणी नेऊ. तुझ्या हातचं खाल्ल्याशिवाय माझं पोट भरतं का?"

त्यांनी भाकरी उतरवली, गॅस बंद केला. वाद घालायचंही त्राण उरलं नव्हतं.

"छान आखलंय. तुम्ही जाऊन या," त्या म्हणाल्या. "कुकर खुशाल न्या. तेवढे दिवस मी डबा लावते."