डालग्याखालची वीट

"मावशी, आता तुमीच हाक मारा. आमच्यानं न्हाई व्हत."

पांढऱ्या पोशाखातल्या तिघांपैकी विकास कोण, हे बायाला तेव्हा कळलं. एरवी कोंबड्यांना लस टोचायला आला की तो चुलीपाशी बसून चहा पिऊन जायचा. आज नखशिखान्त गुंडाळलेला होता. डोळ्यांवरचा चष्मासुद्धा आतून वाफेनं पांढरा झाला होता.

तासभर तिघंही करवंदीच्या जाळ्यांत वाकून वाकून दमले होते. बायाच्या कोंबड्या परक्याच्या हाताला लागत नव्हत्या. खालच्या अंगाच्या पोल्ट्रीत बर्ड फ्लू निघाला होता, आणि तिथून एक किलोमीटरच्या आत कुरवंड्याची ही वाडी येत होती. त्या एक किलोमीटरात एकही कोंबडी ठेवायची नव्हती. आजारी असो की धडधाकट.

"पन माज्या कोंबड्यांना झालंय काय?" बायानं कालपासून दहाव्यांदा विचारलं.

"काही झालेलं नाही, आजी," पुढे उभे असलेले डॉक्टर म्हणाले. "होऊ नये म्हणूनच हे. हा रोग एका गावात थांबत नाही. रानपाखरं तो देशोदेशी नेतात."

"मग पाखरांना धरा की."

विकासला हसू आलं असावं, कारण त्याचे खांदे हलले. मग तो खाली बघत राहिला.

रस्त्यावरून नागफणीच्या कड्याकडे फिरायला निघालेली दोन पोरं थांबली. "भाऊ, शूटिंग आहे का?" त्यांतल्या एकानं विचारलं. विकासनं हातानंच पुढं जायची खूण केली, तशी ती गेली.

बायाच्या मनात वेगळंच चाललं होतं. काल विकासनं यादी केली तेव्हा तिनं आठ कोंबड्या आणि एक कोंबडा सांगितला होता. नववी कोंबडी, कवडी, सांगितली नव्हती. कवडी खुडूक होती. घरात, कणगीमागच्या अंधारात, पाटीतल्या भाताच्या तुसावर अकरा अंडी घेऊन बसली होती. आज विसावा दिवस. उद्या पिलं निघायची. बायानं पहाटेच तिच्यावर बांबूचं डालगं पालथं घातलं होतं आणि वरून गोधडी टाकली होती. जीव गुदमरू नये म्हणून डालग्याची एक कड तेवढी विटेवर टेकवली होती.

बाकीच्या जायच्या तर जाऊ देत. एवढं बेणं राहिलं तर अंगण पुन्हा भरेल. आणि बाहेरच्या लवकर सापडल्या नाहीत, तर ही माणसं शोधत शोधत घरात शिरतील.

तिनं जर्मनच्या ताटलीत मूठभर कण्या घेतल्या, ताटली वाजवली आणि हाक घातली. "तीऽ तीऽ... ती ती ती..."

काहीच हललं नाही. तिनं पुन्हा हाक घातली. जाळी हलली. आधी कोंबडा आला, मागोमाग तांबडी, मग बाकीच्या पंख पसरून धावत आल्या. त्या तिच्या पायांभोवती कण्या टिपायला लागल्या आणि मागून हातमोजे घातलेले हात त्यांना एकेक करून उचलत गेले. घरामागून फडफड ऐकू यायची, मग थांबायची. बाया ताटलीकडेच बघत राहिली. आठ कोंबड्या, एक कोंबडा. संपलं.

तेवढ्यात उंबऱ्यावर आवाज झाला. क्लक, क्लक.

विटेनं ठेवलेल्या फटीतून निसटून, पिसं फुगवून, तुसाचे कण अंगावर घेऊन कवडी दारात उभी होती. अंड्यांवरची कोंबडी दिवसातून एकदाच उठते, बायाच्या याच हाकेला, याच ताटलीच्या आवाजाला. वीस दिवस तिनं एकही वेळ चुकवली नव्हती. आजही चुकवली नाही.

बायाला 'हुश' म्हणून तिला आत हाकलायचं होतं. पण कवडी सरळ तिच्या पायाशी आली आणि सांडलेल्या कण्या टिपायला लागली.

"ही यादीत न्हाई," विकास हळूच म्हणाला. डॉक्टरांना म्हणाला की बायाला, ते कळलं नाही.

डॉक्टर पुढे सरकले.

"खाऊ द्या तिला," बाया म्हणाली. "दिवसातनं एकदाच उठती."

डॉक्टर थांबले. कवडीनं शेवटची कणी टिपली, चोच जमिनीला पुसली आणि घाईघाईनं घराकडे वळली. तिला परत जायचं होतं, अंडी गार पडत होती. दारातच डॉक्टरांनी तिला उचललं.

"अंडी कुठं आहेत, आजी?" डॉक्टरांनी विचारलं. "तीही द्यावी लागतील."

विकास आत जायला निघाला. बायानं त्याला हातानं अडवलं आणि स्वतःच गेली. पाटी घेऊन ती बाहेर आली आणि उंबऱ्यावर टेकली. एक अंडं उचलून तिनं कानाशी धरलं. आतून बारीक टकटक येत होती. दुसऱ्यातूनही. तिसऱ्याच्या कवचाला केसाएवढी चीर गेली होती.

"ऐक," म्हणून तिनं ते विकासपुढे धरलं.

त्यानं डोक्यावरच्या टोपीसकट कान जवळ नेला. "मला न्हाई येत ऐकू, मावशी."

"मला येतंय."

त्यानं पिवळी पिशवी उघडून धरली. बायानं एकेक अंडं आत ठेवलं, सुईणीच्या हातानं ठेवावं तसं, एकावर एक आदळू न देता. अकरावं ठेवल्यावर तिनं पाटीतलं तूससुद्धा मूठमूठ करून वर घातलं.

विकास पिशवीचं तोंड आवळायला लागला. त्यानं दोरीला पीळ दिला.

"विकास," बाया म्हणाली, "जरा ढिलं बांध, बाबा."