हयातीचा दाखला

पेन्शन कचेरीतल्या यंत्रावर मोठ्या डॉक्टरांनी अंगठा टेकवताच हिरवा दिवा लागला. पाठोपाठ त्यांच्याच हॉस्पिटलात पूर्वी कपडे धुणारी म्हातारी पुढे झाली. तिच्या अंगठ्याला लाल. घासूनपुसून टेकवला, तरी लालच. तीस वर्षं सोड्यात चादरी धुऊन बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. "अहो कारकूनसाहेब, धडधडीत जिवंत आहे की मी!" "यंत्राला पटायला हवं, मावशी. ओळखणारा साक्षीदार आणा, नाहीतर पेन्शन बंद." पेन्शनवाचून डॉक्टरांचं अडलं नसतं, तिची चूल विझली असती. तिने डॉक्टरांची वाट अडवली. "डॉक्टरसाहेब, तुमचे कोट मीच धुवायचे. खिशावरची शाई काढता काढता हात सोलवटायचे!" "हो, ओळखतो की हिला," डॉक्टर हसले. तिच्या जिवात जीव आला. कारकुनाने कागद सरकवला. "मग हिचं नाव लिहून सही करा." पेन टेकलं आणि थांबलं, शाईचा डाग पसरत गेला.